रुग्णसुरक्षा आणि वॉर्डातली सिस्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या पालिका रुग्णालयांतल्या, मोठ्या खासगी रुग्णालयांतल्या आणि उपनगरांतल्या छोट्या नर्सिंग होममधल्या सिस्टर, ब्रदर आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, अडचणीचे नंतर. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रुग्णसुरक्षा म्हणजे नेमकं काय? मनापासून सेवा केली की ती आपोआप येत नाही का?

आजाराचा त्रास वेगळा आणि उपचार घेताना होणारी इजा वेगळी. चुकीचं औषध, चुकीच्या बाजूचं ऑपरेशन, कॅथेटरमुळे झालेला संसर्ग, बेडवरून पडणं, तब्येतीची वेळेवर लक्षात न आलेली घसरण या सगळ्या दुसऱ्या प्रकारातल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दर दहा रुग्णांतल्या साधारण एकाला उपचारादरम्यान इजा होते, आणि त्यातली निम्म्याहून जास्त टाळता येण्यासारखी असते.

आपोआप येत नाही, कारण या चुका आळशी किंवा बेफिकीर माणसांकडूनच होतात असं नाही. बहुतेकदा त्या कष्टाळू, पण थकलेल्या आणि अर्धवट माहितीवर काम करणाऱ्या माणसांच्या हातून होतात. म्हणून मनापासून काम करण्याबरोबर पद्धत लागते आणि वातावरण लागतं. वातावरण कसं ओळखायचं? रात्री दोन वाजता नवी सिस्टर म्हणाली, ‘मला हा डोस कळत नाहीये,’ तर शेजारची काय उत्तर देते ते बघा. ‘दाखव, दोघी मिळून बघू’ असं उत्तर येत असेल तर त्या वॉर्डात सुरक्षिततेची संस्कृती आहे. ‘एवढंही येत नाही?’ असं येत असेल, तर भिंतीवर कितीही पोस्टर लावली तरी ती नाही.

२. हे काम क्वालिटी विभागाचं आहे ना? त्यात सिस्टरचा वाटा काय?

क्वालिटी विभाग फॉर्म बनवतो, आकडे काढतो, एनएबीएच या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या मंडळाच्या तपासणीची तयारी करून घेतो. पण डॉक्टरांचा राउंड संपतो, क्वालिटीची माणसं संध्याकाळी घरी जातात, फार्मसीची खिडकी खाली तळमजल्यावर असते. रुग्णाजवळ चोवीस तास असते ती सिस्टर. दुसऱ्या कोणाचीही चूक रुग्णापर्यंत पोहोचायच्या आधीची शेवटची जागा बहुतेक वेळा तिचा हात असतो. डॉक्टरांनी चुकून दहापट डोस लिहिला, फार्मसीने तसाच पाठवला, तरी तो रुग्णाच्या शिरेत जाणार की नाही हे ट्रेवर ठरतं.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ ते २०२५ साठी राष्ट्रीय रुग्णसुरक्षा अंमलबजावणी आराखडा काढला होता. जागतिक आरोग्य संघटनेची कृतियोजना २०२१ ते २०३० अशी आहे. दरवर्षी १७ सप्टेंबरला जागतिक रुग्णसुरक्षा दिनही असतो. रांगोळी आणि पोस्टर स्पर्धेला माझी हरकत नाही, पण त्या दिवशी तासभर बसून मागच्या महिन्यात वॉर्डात काय काय निसटता निसटता वाचलं एवढंच मोकळेपणाने बोललात तर त्याचा उपयोग जास्त होईल.

३. बेड नंबरवरून रुग्ण ओळखला तर काय बिघडतं? आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात.

बेड नंबर जागेचा असतो, माणसाचा नाही. पालिका रुग्णालयांत पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टोचे रुग्ण वाढले की गाद्या जमिनीवर येतात. मग ‘पाच आणि सहाच्या मधला’, ‘खांबाजवळचा’, ‘दाराकडची आजी’ अशी ओळख सुरू होते. संध्याकाळी पाच नंबरचा डिस्चार्ज झाला की जमिनीवरचा वर जातो, आणि रात्रीच्या सिस्टरच्या चिठ्ठीवर मात्र दुपारचाच पाच नंबर असतो.

दोन खुणा कायम तपासा: पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक, किंवा पूर्ण नाव आणि वय. मनगटावरचा पट्टा आणि केसपेपर दोन्ही जुळले पाहिजेत. नाव विचारताना ‘तुम्ही सुनीता जाधव ना?’ असं विचारू नका. तापात असलेला, घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही मान डोलावतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ किंवा ‘आपका पूरा नाम बताइए’ असं विचारा आणि त्यांना सांगू द्या. एकाच वॉर्डात सारख्या नावाचे दोन रुग्ण असतील तर दोघांच्याही केसपेपरवर ठळक खूण करा आणि ओव्हरमध्ये, म्हणजे शिफ्ट बदलताना पुढच्या सिस्टरला माहिती देताना, तोंडी सांगा. रक्त लावताना तर दोन जणींनी रुग्णाजवळ उभं राहूनच पिशवी, पट्टा आणि क्रॉसमॅचचा (रक्त जुळतं का या चाचणीचा) कागद पडताळायचा, टेबलावर बसून नाही. पहिली पंधरा मिनिटं तिथेच थांबायचं.

४. औषधांच्या चुका सगळ्यात जास्त कुठे होतात? नेमकं काय सांभाळायचं?

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ हे तुम्हाला पहिल्या वर्षापासून पाठ आहे. त्यामुळे इथे फक्त धोक्याच्या जागा.

इन्सुलिनपासून सुरुवात करते, कारण आपल्याकडे ही अडचण रोजची आहे. बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिली असतं, तर पेनच्या काडतुसातलं १०० युनिट प्रति मिली. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. रात्री पेनची सुई संपली म्हणून कोणी काडतुसातून लाल टोपीच्या सिरिंजने ‘१०’ च्या रेघेपर्यंत ओढलं, तर सिरिंजमध्ये पाव मिली येतं आणि रुग्णाला १० ऐवजी २५ युनिट जातात. साखर पहाटे कोसळते, रुग्ण झोपलाय असंच सगळ्यांना वाटतं. म्हणून काडतुसातून सिरिंजने कधीच काढू नका. बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा मोठ्याने वाचा. डॉक्टरांनी ‘10U’ लिहिलं असेल तर तो यू शून्यासारखा दिसून १०० वाचला जातो. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहून घ्या.

दुसरं पोटॅशियम क्लोराइड. १० मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असतं आणि दिसायला ते डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलसारखंच. ते पातळ न करता सरळ शिरेत गेलं तर हृदय थांबतं. वॉर्डाच्या सर्वसाधारण कपाटात ते नसलंच पाहिजे. ठेवणं भाग असेल तर कुलपात, वेगळ्या डब्यात, लाल लेबल लावून. हेपरिन (रक्त पातळ करणारं), ओपिऑइड (मॉर्फिनसारखी वेदनाशामकं), केमोथेरपी यांनाही हाच नियम. देण्याआधी दुसऱ्या सिस्टरने स्वतः नव्याने हिशोब करायचा. तुमचं उत्तर आधी सांगून ‘बरोबर ना?’ विचारलं तर ती पडताळणी होत नाही.

तिसरं, नावांचा सारखेपणा. दिल्लीतल्या एका खासगी रुग्णालयात विषमज्वर झालेल्या लहान मुलाला क्लोरोमायसेटिन द्यायचं होतं. नर्सने वडिलांना आणायला सांगितलं ते लॅरिआगो, म्हणजे क्लोरोक्विन, आणि शिरेतून दिलं. मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना वेगळे पाच लाख रुपये भरपाई कायम केली. नाव वाचताना पहिल्या तीन अक्षरांवर थांबू नका, आणि ‘हे औषध या रुग्णाला कशासाठी?’ याचं उत्तर मनाशी मिळाल्याशिवाय अँप्यूल फोडू नका.

शेवटचं म्हणजे अडथळा. औषधं भरताना नातेवाईक, फोन, मामा (वॉर्डबॉय), डॉक्टर सगळे त्याच सिस्टरला हाक मारतात. इन्चार्ज सिस्टरने ठरवलं तर हे बदलतं: औषधाच्या ट्रॉलीवर असलेल्या सिस्टरला हाक मारायची नाही, जे काही असेल ते दुसरीला सांगायचं. कमी स्टाफवरही हे जमतं.

५. रात्री रेसिडेंट डॉक्टर फोनवर ऑर्डर देतात. घ्यायची की नाही?

खरी तातडी असेल तरच. ऐकायचं, लिहायचं, मग लिहिलेलं परत वाचून दाखवायचं आणि ‘बरोबर’ हा शब्द समोरून ऐकायचा. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘एक पाच, पंधरा’ असं सुटं सुटं विचारा. वेळ, डॉक्टरांचं नाव आणि तुमची सही लगेच करा, आणि डॉक्टर वॉर्डात आले की त्यांची सही घ्या. प्रश्न ४ मधली जास्त धोक्याची औषधं फोनवर घेऊ नका. व्हॉट्सॲपवर ऑर्डरचा फोटो आला तरी लेखी ऑर्डर घेतली असं समजू नका.

६. ओव्हर देताना नेमकं काय सांगायचं? आमचा ओव्हर म्हणजे ‘सगळे ठीक आहेत, दहा नंबरचं सलाईन बदल’ एवढाच.

बदलापूर किंवा विरारची लोकल पकडायची असते, हे कळतं. तरीही ओव्हर रुग्णाच्या बेडजवळ द्या. टेबलावरच्या ओव्हरमध्ये सलाईनच्या बाटलीत किती उरलंय, ड्रेनमध्ये काय येतंय आणि रुग्णाचा चेहरा कसा दिसतोय हे कळत नाही.

चार गोष्टींच्या क्रमाने बोला: आत्ता काय चाललंय, आधीचं काय, मला काय वाटतं, आता काय करायला हवं. डॉक्टरांना बोलावतानाही हाच क्रम. उदाहरणार्थ: ‘सर, सर्जिकल वॉर्डमधून स्टाफ नर्स बोलतेय. बेड नऊ, वय ५४, काल पोटाचं ऑपरेशन. अर्ध्या तासात पल्स ९० वरून १२८ झालीय, बीपी ८८/६०, दोन तासांत युरिन फक्त १५ मिली. मला आतून रक्तस्राव होत असल्याची शंका आहे. तुम्ही लगेच या. येईपर्यंत काय सुरू करू ते सांगा.’ असा फोन आला की समोरचा झोपेतूनही उठून येतो. ‘सर, नऊ नंबर जरा बरा वाटत नाहीये’ या फोनला ‘बघतो’ एवढंच उत्तर मिळतं.

७. चूक होता होता वाचली, रुग्णाला काहीच झालं नाही. तरी कळवायचं?

हो, आणि सगळ्यात आधी हेच कळवायचं. या घटनांमध्ये कोणाला इजा झालेली नसते, म्हणून कोणी फार घाबरत नाही आणि खरं कारण शांतपणे शोधता येतं. दोन वेगळ्या औषधांच्या बाटल्या एकाच रंगाच्या, एकाच खणात ठेवलेल्या असतात. आज तुमच्या लक्षात आलं, उद्या नाइटला येणाऱ्या नव्या मुलीच्या येईलच असं नाही. कळवलंत तर खण बदलेल.

मेट्रन आणि प्रशासनाला एक विनंती. एखाद्या वॉर्डातून जास्त रिपोर्ट आले म्हणून तो वॉर्ड वाईट ठरवू नका. जिथून वर्षभर एकही रिपोर्ट येत नाही, काळजी त्या वॉर्डाची करा.

८. चूक झालीच. पहिल्या तासात काय करू?

आधी रुग्ण. औषध किंवा रक्त चालू असेल तर थांबवा, शिरेची लाइन काढू नका, पल्स, बीपी, श्वास, साखर जे लागू असेल ते तपासा आणि डॉक्टरांना लगेच बोलवा. काय गेलं, किती गेलं, किती वाजता, हे स्पष्ट सांगा. या क्षणी पाच मिनिटं लपवण्यात गेली तर उतारा द्यायची वेळही निघून जाऊ शकते.

मग इन्चार्ज किंवा ड्युटीवरच्या सुपरवायझरना सांगा. अँप्यूल, बाटली, सिरिंज, रक्ताची पिशवी फेकू नका, नाव-वेळ लिहून बाजूला ठेवा. केसपेपरवर जे घडलं तेवढंच लिहा: वेळ, काय दिलं गेलं, रुग्णाची स्थिती, कोणाला कळवलं, काय केलं. ‘स्टाफ कमी होता म्हणून’ किंवा ‘फार्मसीच्या चुकीमुळे’ ही कारणमीमांसा इन्सिडेंट फॉर्ममध्ये जाते, केसपेपरवर नाही. नातेवाइकांशी काय बोलायचं ते प्रश्न १४ मध्ये आहे.

९. इन्सिडेंट फॉर्म भरला की मेमो हातात पडतो. मग का भरू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो विचारणाऱ्यांवर रागावण्यासारखं त्यात काही नाही. ज्या ठिकाणी खरं बोलल्याबद्दल शिक्षा होते, तिथे माणसं गप्प बसतात. त्यात दोष शिक्षा करणाऱ्या पद्धतीचा आहे.

न्याय्य पद्धतीत तीन गोष्टी वेगळ्या धरतात. एक, माणसाची साधी चूक: बघितलं तरी डोळा चुकला. इथे सिस्टरला धीर द्यायचा आणि काम करायची रचना सुधारायची. दोन, सवयीचा शॉर्टकट: सगळेच पट्टा न बघता औषध देतात म्हणून हीही देते. इथे समजावायचं, आणि शॉर्टकट का पडला ते शोधायचं. तीन, जाणूनबुजून बेपर्वाई: ड्युटीवर नशेत असणं, धोका माहीत असून मुद्दाम दुर्लक्ष करणं, खोटी नोंद करणं. इथे कारवाई व्हायलाच हवी. पहिल्या दोघींना तिसरीची शिक्षा दिली की पुढच्या दहा चुका कपाटामागे जातात.

तुमच्याकडे अशी पद्धत नसेल तर काय? एकटीने लढू नका. इन्चार्ज सिस्टरला विश्वासात घेऊन वॉर्डापुरती एक वही सुरू करा. त्यात नाव नाही, फक्त काय घडलं आणि का घडलं असावं एवढंच. महिन्यातून एकदा ती सगळ्यांनी वाचायची, आणि निदान एक गोष्ट बदलायची: लेबल, खण, बल्ब, काहीही. सांगितल्यावर काहीतरी बदलतं हे दिसलं की माणसं बोलू लागतात. नुसत्या ‘निर्भयपणे कळवा’ या सर्क्युलरने कोणाचीही भीती गेलेली मी पाहिली नाही.

१०. मोठ्या डॉक्टरांना ‘सर, चुकतंय’ कसं सांगायचं? राउंडमध्ये सगळ्यांसमोर ते चिडतात.

चूक दाखवू नका, काळजी सांगा, आणि माहितीवर बोट ठेवा. ‘सर, एक मिनिट. पेशंटला पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलीय. ऑगमेंटिनमध्ये अमॉक्सिसिलिन आहे. द्यायचं का?’ यात कोणाचाही अपमान नाही. उत्तर मिळालं नाही तर जरा ठामपणे: ‘सर, मला हे सुरक्षित वाटत नाही.’ तरीही पुढे सरकत असतील तर: ‘सर, थांबू या. मी हे देण्याआधी मॅडमना विचारते.’ तीन पायऱ्या, आवाज चढवायची गरज नाही. इजा अगदी समोर दिसत असेल, उदाहरणार्थ चुकीच्या पायावर चिरा पडणार असेल, तर पायऱ्या सोडा आणि मोठ्याने ‘थांबा’ म्हणा.

ऑपरेशन थिएटरमध्ये यासाठी तयार हत्यार आहे: जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी अशा तीन वेळा ती वाचायची असते. ती बहुधा सिस्टरच वाचते. सर्जन हात धुताना एकटीने टिक मारून टाकू नका. सगळ्यांनी हात थांबवल्यावरच वाचा. इन्चार्ज सिस्टर आणि युनिट हेड यांनी पहिल्याच दिवशी एकत्र सांगितलं की ‘थांबा’ म्हणणाऱ्यावर कोणी ओरडणार नाही, तर निम्मं काम होतं.

११. पन्नास रुग्ण आणि दोन सिस्टर. सुरक्षितता कुठून आणायची?

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयांत सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. पन्नासाला दोन हा आकडा त्याच्या जवळपासही नाही, आणि ही तूट सिस्टरने जास्त धावून भरून निघत नाही. हे प्रशासनाला लेखी सांगत राहा: तारीख, शिफ्ट, रुग्णसंख्या, हजर स्टाफ आणि त्या शिफ्टमध्ये न झालेलं काम. ‘स्टाफ कमी आहे’ या वाक्याला कोणी उत्तर देत नाही. ‘अकरा रुग्णांचं रात्री दोनचं अँटिबायोटिक चारला गेलं’ याला द्यावं लागतं.

त्या रात्रीपुरतं: सुरुवातीलाच वॉर्डात एक फेरी मारून सगळ्यात अस्थिर रुग्ण टेबलाजवळ आणा, जास्त धोक्याची औषधं दोघींनी मिळून द्या, आणि काय राहिलं ते ओव्हरमध्ये न लाजता सांगा. पावसात लोकल बंद पडल्या की आधीचीच शिफ्ट पुढे चालू राहते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा साऱ्या शहराने हे पाहिलं. सलग दुसरी शिफ्ट करणाऱ्या सिस्टरला इन्सुलिन, पोटॅशियम आणि रक्त यांपासून शक्यतो दूर ठेवा. अशा दिवसासाठी कोण रुग्णालयाजवळ राहतं याची यादी जूनच्या आधी तयार असावी.

१२. हात धुणं, रुग्ण पडणं, बेडसोर: हे तर रोजचंच. यात नवीन काय?

नवीन काही नाही. हात पाच वेळी स्वच्छ करायचे: रुग्णाला शिवण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवी वगैरेशी संपर्क आल्यावर, रुग्णाला शिवल्यावर, आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना शिवल्यावर. सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. ग्लोव्हज घातले म्हणून हात धुणं टळत नाही.

पडण्याच्या बाबतीत जोखीम भरतीच्या वेळीच मोजा. पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि चपला वॉर्डाबाहेर ठेवायला लावा, आणि रात्री झोपण्याआधी वृद्धांना स्वतःहून विचारा, ‘बाथरूमला जायचंय का?’ रुग्ण बरेचदा सिस्टरला त्रास नको म्हणून एकटे उठतात आणि पडतात.

बेडसोरबद्दल मात्र मुंबईच्या परिचारिकांनी मान ताठ ठेवावी. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या आणि १८ मे २०१५ ला त्यांचं निधन होईपर्यंत तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर झाला नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात घेतली. कूस बदलणं, कोरडं ठेवणं, खाणं-पिणं बघणं, रोज त्वचा तपासणं एवढ्यावरच ते झालं.

१३. मामा-मावशी नसतात, तेव्हा नातेवाइकांना कामाला लावलं तर चालतं का?

पाणी पाजणं, धीर देणं, हात धरून बसणं, हो. ऑक्सिजन सिलिंडर ढकलणं, सलाईनचा वेग बदलणं, नळीतून भरवणं किंवा सक्शन करणं, नाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात रुग्णाबरोबर आलेला नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, चुंबकाने त्याला सिलिंडरसकट ओढलं आणि तो तरुण दगावला. धोका कुठे आहे हे त्याला माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं. रुग्ण हलवताना सोबत जाणाऱ्या प्रत्येकाला काय न्यायचं नाही हे सांगणारं माणूस प्रशिक्षित असलं पाहिजे.

नातेवाइकांचा खरा उपयोग वेगळा आहे. ‘आईला आजची गोळी रोजच्यासारखी दिसत नाही’ असं कोणी म्हणालं तर हातातलं काम थांबवून बघा. रुग्णाला सगळ्यात जास्त ओळखतात ते तेच.

१४. चूक झाल्याचं नातेवाइकांना सांगायचं का? कोणी?

सांगायचं. बोलायचं ते उपचार करणाऱ्या वरिष्ठ डॉक्टरांनी, सिस्टरने सोबत असावं. त्याआधी कोणी विचारलंच तर खोटं बोलू नका आणि अंदाजही सांगू नका: ‘त्यांची तब्येत बिघडली होती, डॉक्टर बघताहेत. ते स्वतः येऊन तुमच्याशी सविस्तर बोलतील. मी इथेच आहे.’ आणि खरंच तिथेच राहा. सगळा स्टाफ एकदम नजर चुकवायला लागला की संशय वाढतो, आणि बऱ्याच भांडणांची सुरुवात तिथे होते.

१५. कायद्याच्या कचाट्यात मी एकटी सापडेन का?

भरपाईच्या दाव्यात सहसा रुग्णालयालाही जबाबदार धरतात, कारण कर्मचाऱ्याच्या कामाची जबाबदारी मालकावर असते. प्रश्न ४ मधल्या खटल्यात तेच झालं. फौजदारी बाजू वेगळी. साधी चूक किंवा निर्णय चुकणं पुरेसं नसतं, घोर हलगर्जीपणा सिद्ध व्हावा लागतो. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १०६ (१) मध्ये हलगर्जीपणामुळे झालेल्या मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकासाठी ती दोन वर्षांपर्यंत ठेवली आहे, पण त्याची व्याख्या डॉक्टरांच्या नोंदवहीशी जोडलेली आहे, परिचारिकांच्या नाही. ही तफावत मला अन्यायाची वाटते आणि संघटनांनी ती लावून धरायला हवी. तोवर तुमची ढाल म्हणजे महाराष्ट्र परिचर्या परिषदेची चालू नोंदणी, वेळेवर केलेली खरी नोंद आणि विचारलेल्या शंकेचा लेखी पुरावा.

१६. औषधाची रिॲक्शन आली तर ती आम्ही थेट कळवू शकतो का?

हो. भारताच्या औषधदक्षता कार्यक्रमाला परिचारिकाही कळवू शकतात. त्याचं समन्वय केंद्र गाझियाबादला भारतीय औषधसंहिता आयोगात आहे आणि टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. रिॲक्शन त्याच औषधाची आहे हे सिद्ध करायची गरज नाही, शंका पुरते. रक्ताच्या रिॲक्शनसाठी ब्लड बँकेमार्फत, आणि पंप, कॅथेटर अशा उपकरणांसाठीही असे राष्ट्रीय कार्यक्रम आहेत.

१७. आमच्या सुरक्षिततेचं काय? सुई टोचते, नातेवाईक अंगावर येतात, आणि चूक झाली की रात्र रात्र झोप लागत नाही.

हे रुग्णसुरक्षेच्या बाहेरचं नाहीच. घाबरलेली, दुखावलेली सिस्टर रुग्णाकडे लक्ष कसं देणार?

सुई टोचली: जखम दाबू नका, चोखू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस घ्यायचं असतं. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस रुजू होतानाच घ्या. मारहाण किंवा तोडफोड: महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्यात परिचारिका येतात. तक्रार रुग्णालयाने करावी यासाठी आग्रह धरा.

चुकीनंतर झोप उडणं ही दुबळेपणाची खूण नाही. त्या सिस्टरला पुढची शिफ्ट एकटीला देऊ नका, आणि कँटीनमध्ये तिचा विषय चघळू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

१८. लेखी ऑर्डर आहे, पण मला ती धोक्याची वाटते. मी नाही म्हणू शकते का?

शंका असलेलं औषध देण्याआधी थांबायचा तुम्हाला हक्क आहे, आणि ते तुमचं कर्तव्यही आहे. ‘डॉक्टरांनी लिहिलं होतं’ एवढ्याने तुमची जबाबदारी संपत नाही. पण नकार म्हणजे रुग्णाला सोडून देणं नव्हे. आधी ऑर्डर देणाऱ्याला विचारा (प्रश्न १०), समाधान झालं नाही तर त्यांच्या वरिष्ठांना आणि तुमच्या सुपरवायझरना. तोवर रुग्णाची बाकीची काळजी चालू ठेवा. केसपेपरवर लिहा: ‘डोसबाबत डॉक्टरांना अमुक वाजता विचारणा केली, उत्तराच्या प्रतीक्षेत.’ डॉक्टर म्हणाले, ‘मी जबाबदार, तू दे,’ तर त्यांना ते लिहून सही करायला सांगा. लिहायची वेळ आली की बरेच जण डोस पुन्हा एकदा बघतात. तरीही इजा होणारच अशी तुमची खात्री असेल, तर ते औषध तुमच्या हाताने जाता कामा नये.

१९. आमचं वीस बेडचं नर्सिंग होम आहे. ना क्वालिटी विभाग, ना मेट्रन. निम्मा स्टाफ नोंदणी नसलेला. काय करू?

शिकून तयार झालेल्या पण नोंदणी नसलेल्या मुलींवर राग काढू नका, त्यांच्यावर शिरेतल्या औषधांचं आणि रक्ताचं काम मात्र टाकू नका. तुम्ही एकट्याच नोंदणीकृत असाल तर ही दोन कामं स्वतःकडे ठेवा आणि मालक-डॉक्टरांना हे लेखी कळवा. पोटॅशियम कुलपात, इन्सुलिनची बाटली आणि तिची सिरिंज एकाच डब्यात, मनगटाला पट्टा, ओव्हर बेडजवळ: यातल्या कशालाही विभाग लागत नाही, आणि खर्चही नाममात्र आहे.

२०. चूक झाल्यावर इन्चार्जच म्हणाल्या, ‘वेळ बदल, पान नवं लिही.’ मी काय करू?

पान बदलू नका. व्हाइटनर लावू नका, मागची वेळ टाकू नका. एखादी नोंद खरंच राहिली असेल तर आत्ताची तारीख-वेळ घालून ‘उशिरा केलेली नोंद’ असं लिहून करा. चुकीचं लिहिलं असेल तर एकच आडवी रेघ मारा, जुनं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर लिहून सही करा. इन्चार्जना शांतपणे एवढंच सांगा: ‘मॅडम, फार्मसीच्या कॉम्प्युटरवर, लॅबच्या रिपोर्टवर आणि मॉनिटरमध्ये खरी वेळ आहेच. पान बदललं तर आपण दोघी अडकू.’ बहुतेक वेळा त्याही घाबरलेल्या असतात आणि हे ऐकून थांबतात. तरीही दबाव आला तर स्वतःच्या नोंदीखाली सही कायम ठेवा, त्याच दिवशी अधिसेविका किंवा वैद्यकीय अधीक्षकांना लेखी कळवा आणि पोच घ्या. रुग्णाच्या कागदांचे फोटो काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकू नका, त्याने गोपनीयता मोडते आणि तुमची बाजू कमकुवत होते. तुम्ही दिलेल्या अर्जाची पोच मिळालेली प्रत मात्र घरी जपून ठेवा.